मागची बाजू

सातवी ब. कसबा बावडा.
बाकांवर आज रिकामी पाकिटं.
धुऊन आणा म्हटलं होतं,
निम्म्यांनी चाटून आणली.

भिंग एकच, कडेला चरा गेलेलं.
ज्याच्या हातात जातं
त्याच्याच डोळ्याचा आधी बटाटा होतो,
आणि शेजारचा हसून हसून बाकाखाली.

पुढची बाजू कुणालाही वाचता येते, मी म्हणते,
ती वाचली जावी म्हणूनच एवढी रंगवलेली.
उलटं करा.

सानिका मगदूम मोठ्यानं वाचते:
पाणी. साखर. आंब्याचा गर, अकरा टक्के.
थांबते. खोकं पुन्हा पालथं करते.
तिथं आंबा इतका मोठा
की देठ कडेच्या बाहेर गेलाय.
"बाई, आंबा तिसरा आला?"
जे जास्त ते आधी लिहायचं, कमी ते नंतर.
"रेशनच्या रांगेत न्हाई बा असलं कधी,"
मागच्या बाकावरून.

तन्वीर शिकलगार फळ्यावर गणित मांडतो.
शंभर मिलीला साडेतेरा ग्रॅम, खोकं एकशेसाठचं.
एकवीस पॉइंट सहा.
मग काचेचा पेला, घरची साखर, पाच ग्रॅमचा चमचा.
एक. दोन. तीन. चार.
पाचव्यात थोडी.
कुणी बोलत नाही. खिडकीतून मुंग्या येतात,
त्यांना आकडे लागत नाहीत.

एका वेळचं प्रमाण: वीस ग्रॅम.
वीस ग्रॅमवर कोण थांबतं, हात वर करा.
एकही हात नाही.
माझाही नाही.

मी टेबलावर गुळाचा खडा ठेवते, लक्ष्मीपुरीतून आणलेला.
यावर काहीच छापलेलं नाही, म्हणजे बघा,
असं काहीतरी छान मी बोलणार होते.
"त्यात पावडर हाय, बाई,"
प्रज्योत खडा नाकाशी नेतो.
"आमच्या मामाचं गुऱ्हाळ हाय. गूळ काळपट आला
की गिऱ्हाईक बघत न्हाई. मग टाकत्यात. पिवळा धमक व्हतोय."
मी खडा उचलते.
कोऱ्या कागदात गुंडाळते.

हर्षाली लोहार भिंग मागत नाही.
चिवड्याच्या पाकिटाची शिवण बोटानं चाचपते,
जिथं काळ्या ठिपक्यांची तारीख असते.
"ही आईनं मारल्याली."
कुठं?
"गोकुळ शिरगावात. बॅचच्या शेवटाला बी हाय न्हवं,
ती दुसरी पाळी. शाई कमी पडली
की आठाचा तीन दिसतोय, मग सायब वरडतोय."
आता भिंग आपोआप तिच्याकडे.
सगळा वर्ग त्या एका बाकावर वाकलेला,
आठ बघायला.
आठ आठच आहे.

माझ्या टिपणात होतं: तारीख, बॅच, परवाना क्रमांक.
पाळी नव्हती.
रात्री साडेअकराला सुटणारी गाडी नव्हती,
आणि बोटांच्या पेरांतली
साबणानं न जाणारी शाई.

खाऊ नका, असं मी म्हटलं नाही.
आधीच्या बाईंनी म्हटलं होतं, त्यांच्या आधीच्या सरांनीही.

शाळा सुटल्यावर फाटकाबाहेरच्या टपरीशी
सानिका उभी, लटकत्या माळेतलं एक पाकीट उलटं धरून,
ओठ हलतायत.
"घ्यायचं हाय का? पेपर हाय व्हय त्यो, वाचत बसलीयास?"
टपरीवाले काका.
ती मागं ढकलते, दुसरं उलटते, तेही ढकलते.
शेवटी फुटाण्याची पुडी, दोघींत एक.
पुडीवर तर काहीच नाही,
फक्त जुन्या वर्तमानपत्रातला अर्धा क्रिकेटपटू.
हर्षाली तोही वाचून काढते.

मला बघून सानिका लांबूनच ओरडते,
"बाई, मी वाचलो!"

कोल्हापूरच्या पोरी अशाच बोलतात.
अठरा वर्षं मी वह्यांत लाल शाईनं खोडत आले:
वाचलो नाही गं, वाचलं.
आज
असू दिलं.